पत्रकारितेचे प्रशिक्षण सर्वांपर्यंत न्यायचे तर : पैशांच्या तजविजीपासून पहिल्या मानधनापर्यंत

जाहिरातीत 'मागासवर्गीय, आदिवासी, अल्पसंख्याक व महिला उमेदवारांनी अवश्य अर्ज करावेत' अशी ओळ टाकायची, दहा दिवसांची मुदत द्यायची आणि नंतर 'आम्ही बोलावले होते, पण कोणी आलेच नाही' असे म्हणायचे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पत्रकारिता अभ्यासक्रमांत हे दरवर्षी घडते. बहुतेक ठिकाणी इच्छा खरी असते, फक्त क्रम उलटा असतो. आधी जाहिरात, मग निवड, मग फी आणि सगळ्यात शेवटी 'राहण्याची सोय कुठे होईल ते बघू'. ज्या मुलामुलींसाठी ही ओळ छापली, त्यांचा पहिला प्रश्न नेमका हा शेवटचा असतो. त्याचे उत्तर मिळाले नाही की अर्जच येत नाही.

याची किंमत बातम्यांना मोजावी लागते. २००६ साली दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली, तेव्हा त्यांत अनुसूचित जाती-जमातींतला एकही जण सापडला नव्हता. निर्णयाच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याची वाट प्रशिक्षणाच्या दारातून जाते, म्हणून दुरुस्ती तिथूनच सुरू करायला हवी.

हा लेख महाविद्यालयांचे विभाग, पत्रकार संघ, दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या आणि सामाजिक संस्था यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणचा सहा महिन्यांचा, २० जागांचा मराठी अभ्यासक्रम धरला आहे. तयारीला किमान चार महिने द्या.

टप्पा १ : गळती कुठे आहे ते आधी शोधा

मागच्या दोन-तीन तुकड्यांचे कागद काढा आणि पाच आकडे लिहा : अर्ज किती आले, लेखी कामापर्यंत किती पोहोचले, निवड किती जणांची झाली, अभ्यासक्रम किती जणांनी पूर्ण केला आणि वर्षभरात पैसे मिळणाऱ्या कामावर किती जण लागले. प्रत्येक आकडा सामाजिक गट, स्त्री-पुरुष, अपंगत्व आणि तालुका यांनुसार फोडा.

समजा, अर्जांत आदिवासी मुले बऱ्यापैकी होती पण निवडीत एकच उरला, तर दोष परीक्षेत आहे. निवड ठीक झाली पण तिसऱ्या महिन्यात मुले गेली, तर दोष पैशांत किंवा वर्गातल्या वागणुकीत आहे. हे न बघता नुसत्या राखीव जागा वाढवल्या तर त्या रिकाम्या राहतात, आणि मग तेच 'कोणी येत नाही' याचा पुरावा म्हणून दाखवले जाते.

फोड करताना ढोबळ रकाने पुरत नाहीत. 'आदिवासी' हा एकच रकाना ठेवला तर कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, म्हणजे राज्यातल्या तिन्ही अतिअसुरक्षित जमाती, त्यात कुठेच नाहीत हे दिसत नाही. भटक्या-विमुक्तांचेही अ, ब, क, ड असे गट वेगळे लिहा. मुस्लिम स्त्रिया आणि मुस्लिम पुरुष यांचे आकडेही वेगळे काढा. एकत्र आकड्यात बायकांची गळती लपून जाते.

> तपासा : जातीची माहिती ऐच्छिक आहे असे फॉर्मवर स्पष्ट लिहिले आहे का? ती माहिती निवड करणाऱ्यांच्या हाती न जाता वेगळ्या फाइलमध्ये राहते का?

टप्पा २ : पैशांची तजवीज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फी माफ केली की झाले, हा समज या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. फी हा खर्चाचा छोटा भाग असतो. मुलगी किंवा मुलगा घर सोडून येतो तेव्हा खोली, मेस, प्रवास आणि मोबाइल या चार गोष्टींवर पैसे जातात. शिवाय घरी जी मजुरी येत होती ती थांबते.

माणशी महिन्याचा हिशेब असा मांडा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे दर घाला :

- मेस : ३,२०० रुपये
- खोलीतला वाटा : १,८०० रुपये
- गावातला प्रवास आणि महिन्यातून एकदा घरी जाणे-येणे : १,२०० रुपये
- मोबाइलचा रिचार्ज : ३०० रुपये
- साबण, झेरॉक्स, औषधे, सॅनिटरी पॅड : १,००० रुपये

एकूण ७,५०० रुपये, म्हणजे सहा महिन्यांचे ४५,०००. वीसपैकी १२ जणांना पूर्ण आणि ८ जणांना निम्मा निर्वाहभत्ता धरला तर ७,२०,००० रुपये होतात. एवढी रक्कम नसेल तर भत्ता कमी करू नका, जागा कमी करा. पाच लाखांत १२ जणांची तुकडी नीट चालते : आठ पूर्ण, चार निम्मे असे ४,५०,००० आणि उरलेले ५०,००० अडीअडचणीला. वीस जणांना तुटपुंजे देऊन नऊ गमावण्यापेक्षा बारा जणांना शेवटपर्यंत नेणे केव्हाही बरे.

दुसरी चूक सरकारी शिष्यवृत्तीवर भिस्त ठेवण्याची. शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष सरत आल्यावर खात्यात पडतो, मेसवाला मात्र पहिल्याच महिन्यात पैसे मागतो. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा भत्ता तुमच्या निधीतून आगाऊ द्या.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरतात. तुमचा अभ्यासक्रम त्या पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे जाहिरातीच्या आधी बघा. नोंद नसेल तर 'शिष्यवृत्तीची सोय' हे शब्द जाहिरातीत घालू नका. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातींकरिता स्वयं योजना आहे. तुमचा अभ्यासक्रम त्यांत बसतो का, हे समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या आणि आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी 'बसेल की' यावर कोणाला गावाहून बोलावू नका.

कागदपत्रांसाठी एक माणूस नेमा. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही येत नाही. पहिल्याच आठवड्यात सर्वांची खाती तपासा.

> सावधान : 'आधी भरा, नंतर परत मिळेल' ही पद्धत कुठेही ठेवू नका. परीक्षा शुल्क, प्रवास, ओळखपत्र, काहीही असो. ज्याच्याकडे आधी भरायला आहेत, त्याच्यासाठी ही सोय आहे. उरलेले तिथेच थांबतात.

टप्पा ३ : खोली, वेळ आणि इमारत

खोली शोधण्याचे काम प्रशिक्षणार्थ्यांवर सोडू नका. घरमालक पहिला प्रश्न आडनावाचा विचारतो. आडनाव ऐकून 'आत्ताच दिली हो' म्हणणारे घरमालक प्रत्येक शहरात आहेत. मुस्लिम, दलित, पारधी मुलांना आठ-आठ दिवस हिंडावे लागते आणि त्यातच पहिला आठवडा जातो. भाडेकरार संस्थेच्या नावाने करा, अनामत संस्थेने भरा. खोल्या वाटताना जातीची किंवा जिल्ह्याची टोळी एका खोलीत कोंबू नका, पण एखाद्याला सगळ्यांत एकटाही पाडू नका.

तारखा ठरवताना शैक्षणिक वर्षाबरोबर कामाचे वर्षही समोर ठेवा. जूनमध्ये पेरणी असते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि थेट मार्च-एप्रिलपर्यंत बाहेर असतात. पूर्व विदर्भात मार्च-एप्रिल हा मोहफुले वेचण्याचा काळ. जुलैच्या मध्यावर सुरुवात, पहिले तीन महिने वर्गात आणि पुढचे तीन महिने फील्डवर, अशी रचना बहुतेकांना झेपते. घरच्यांबरोबर उसाच्या फडावर जावेच लागले तर तिथून बातमी पाठवू द्या. गैरहजेरी लावू नका. कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यामागे, किती उचल (आगाऊ रक्कम) घेतली, मुलांच्या शाळेचे काय झाले, हे तिथे बसून लिहिणारा वार्ताहर कुठल्याही वर्तमानपत्राला सहज मिळत नाही.

वर्ग संपण्याची वेळ एसटी स्टँडवर जाऊन ठरवा. आसपासच्या तालुक्यांच्या शेवटच्या गाड्यांचे वेळापत्रक उतरवून घ्या आणि त्याच्या पाऊण तास आधी वर्ग सोडा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे रोज ये-जा करणाऱ्या मुलींचा खर्च कमी झाला. पण एखादी सहापर्यंत चालणाऱ्या वर्गाला बसली तर तिची पावणेसहाची गाडी चुकते, आणि पुढच्या सोमवारपासून घरचे पाठवत नाहीत.

इमारतीत तीन गोष्टी बघा. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. मुलींचे स्वच्छतागृह वर्गाच्याच मजल्यावर हवे आणि त्याची किल्ली शिपायाच्या खिशात नको. वर्ग वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी आल्यावर विचार करू असे म्हणू नका, आत्ताच तळमजल्यावर या. अपंग हक्क कायदा २०१६ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट बंधनकारक आहे. इतरांनीही हाच किमान दंडक धरावा.

अंधांसाठी सर्वांत मोठा अडथळा पायऱ्यांपेक्षा नोट्सचा असतो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाही, तो इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ वाचत सुटतो. स्कॅन करून चिकटवलेल्या पीडीएफचेही तेच. सगळ्या नोट्स युनिकोडमध्ये घ्या. तपासायची सोपी युक्ती : मजकुराचे चार शब्द कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठी दिसले तर ठीक, नाहीतर फाइल पुन्हा टाइप करावी लागेल. कर्णबधिर विद्यार्थी असेल तर तासाभराहून मोठ्या वर्गासाठी सांकेतिक भाषेचे दोन दुभाषे लागतात. एकाच्या हातांना आणि डोक्यालाही अर्ध्या तासाने विश्रांती हवी असते.

टप्पा ४ : जाहिरात आणि अर्ज

मुदत किमान ४५ दिवसांची. संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात पत्रकारांच्या भाच्या-पुतण्यांपर्यंत आधी पोहोचते. म्हणून कागद हातात घेऊन जा : समाजकल्याणची वसतिगृहे, आश्रमशाळांचे माजी विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, बुद्धविहार, उर्दू शाळा, तांड्यावरचे दुकान, बचतगटाची मासिक बैठक. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना दोन-दोन प्रती द्या. बारावी झालेली आणि लिहिण्याची आवड असलेली सून कोणत्या घरात आहे, हे त्यांना ठाऊक असते.

जाहिरातीत पहिल्या तीन ओळींत हे यावे : फी किती, भत्ता किती आणि कोणत्या तारखेला, राहण्याची सोय कुठे. 'उज्ज्वल करिअरची संधी' वगैरे काढून टाका.

अटी कमी करा. पदवीची अट लागत नाही, बारावी किंवा तेवढेच वाचन-लेखन पुरे. कमाल वयाची अट ठेवू नका. लग्नानंतर पुन्हा शिकू पाहणाऱ्या बायका आणि मध्येच शाळा सुटलेली मुले या अटीमुळे बाहेर पडतात. अर्जाच्या वेळी जातीचा दाखला किंवा वैधता प्रमाणपत्र मागू नका, स्वयंघोषणा घ्या. भटक्या-विमुक्तांना दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा पालावर जन्मले, त्यांनी तो आणायचा कुठून?

अर्ज तीन मार्गांनी स्वीकारा : कागदावर, व्हॉट्सॲपवर आणि आवाजात. तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज हा पूर्ण अर्ज मानावा. फॉर्म एका पानाचा आणि मराठीत असावा.

> तपासा : साध्या फोनवर, गावातल्या नेटवर्कवर, तुमचा फॉर्म स्वतः भरून बघा. दहा मिनिटांहून जास्त लागली तर तो कापा.

टप्पा ५ : निवड

सामान्यज्ञानाचा पेपर, निबंध आणि मुलाखत या जुन्या त्रिकुटाने घरात वर्तमानपत्र येते की नाही हे कळते. बातमीदारी करता येईल का, ते कळत नाही. त्याऐवजी तीन पायऱ्या ठेवा.

*पहिली, घरून करायचे काम.* सर्वांना एकच विषय : 'तुमच्या वस्तीत गेल्या वर्षभरात काय बदलले? तीन माणसांशी बोलून सांगा.' तीनशे शब्द किंवा तीन मिनिटांचा आवाज. तपासनिसांकडे पाठवण्याआधी नाव, आडनाव, गाव आणि शाळा काढून क्रमांक टाका. फक्त आडनाव झाकून भागत नाही. 'आश्रमशाळा' हा एक शब्द किंवा तांड्याचे नावही पुरेसे बोलके असते. आवाजातले अर्ज कोणाकडून तरी टाइप करून घ्या, नाहीतर उच्चारांवरून गुण ठरतात.

गुण असे : निरीक्षण ४०, किती आणि कोणाला विचारले ३०, सांगण्यातली स्पष्टता २०, सूचना पाळणे १०. शुद्धलेखनाला शून्य. दोन तपासनिसांच्या गुणांत १५ हून जास्त फरक पडला तर काम तिसऱ्याकडे द्यावे.

*दुसरी, एक दिवसाचे फील्डकाम.* जागांच्या अडीचपट उमेदवार बोलवा. सकाळी दहाला एसटी स्टँडवर सोडा, दीड तास द्या आणि 'कोण कशासाठी थांबले आहे' एवढेच विचारा. दुपारी जेवण, मग लिहायला एक तास. लेखनिक घेणाऱ्या अपंग उमेदवाराला तासाला २० मिनिटे जादा. प्रवासखर्च त्याच दिवशी, निघण्याआधी, रोख.

स्टँडच काय म्हणून? कोणत्याही वर्गातल्या, कोणत्याही बोलीच्या उमेदवाराला ही जागा परकी नसते. मॉल किंवा महापालिकेची सभा दिली की शहरातली मुले आधीच पुढे असतात. शिवाय उत्तरांतला फरक लगेच कळतो. एक जण लिहितो, 'स्थानक अस्वच्छ आहे, प्रशासनाने लक्ष द्यावे.' दुसरी लिहिते, 'दवाखान्यातून आलेली आजी अकराच्या गाडीला थांबली आहे, ती गाडी रद्द झाल्याचा कागद चौकशीच्या काचेला आतून लावला आहे, आजीला वाचता येत नाही.' दुसरीच्या वेलांट्या चुकल्या असतील, पण तिला बातमी दिसली.

*तिसरी, गप्पा.* मंडळात चौघे : किमान दोन स्त्रिया, किमान दोघे ज्या समाजांना आणायचे आहे त्यांतले. पाचच प्रश्न, सर्वांना तेच, त्याच क्रमाने. 'वडील काय करतात', 'गाव कोणते, म्हणजे कोणाचे?', 'लग्नानंतर काम करशील का?' हे प्रश्न लेखी बंद करा. इंग्रजीत एकही प्रश्न नको.

> सावधान : 'थोडी भाषा कच्ची आहे, पुढच्या वर्षी बघू' हा शेरा फाइलवर आला की ती फाइल पुन्हा उघडा. बहुतेक वेळा 'भाषा' या शब्दाआड न-ण चा उच्चार असतो, आणि न-ण वरून माणूस कोणत्या घरातला हे ठरवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे.

प्रतीक्षायादी पाच जणांची ठेवा. निवड झालेला आठ दिवसांत आला नाही तर आधी फोन करा. नुसते 'आला नाही' लिहून पुढे जाऊ नका. अडचण बहुधा हजार-दोन हजार रुपयांची किंवा घरच्यांशी एकदा बोलण्याची असते.

टप्पा ६ : पहिले तीस दिवस

पहिल्या दिवशी भत्ता खात्यात आणि खोलीची किल्ली हातात. दुसऱ्या दिवशी साधने. सर्वांकडे चांगला फोन असेल असे गृहीत धरू नका. सहा फोन, आठ कॉलर माइक आणि चार पॉवर बँक असा सामाईक संच वीस जणांना पुरतो, नोंदवहीवर सही करून न्यायचा. तुटल्यास भरपाई मागू नका, नाहीतर ज्यांना भीती वाटते ते साधने हातच लावत नाहीत.

टायपिंगसाठी रोज अर्धा तास. फोनवर युनिकोड येत असेल तर तिथूनच सुरुवात करा, संगणकावरचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिसऱ्या आठवड्यापासून. इंग्रजीला रोज वीस मिनिटे, आणि तीही कामापुरती : न्यायालयाचा आदेश, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालातला तक्ता. शासन निर्णय मराठीतच असतात, ते आधी वाचायला शिकवा.

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच महिन्यात लिहून घ्या. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमांत एकच विषय व १५० शब्दांची मर्यादा आहे. आत्ता टाकलेल्या अर्जाचे उत्तर दुसऱ्या महिन्यात हाती येते आणि त्यावर खरी बातमी होते.

शिकवणाऱ्यांतही तेच चेहरे नकोत. दलित वा आदिवासी पत्रकाराला फक्त 'वंचितांचे प्रश्न' या एका तासाला बोलावणे अपमानकारक आहे. त्याला मुलाखततंत्र, अर्थसंकल्प, क्रीडावार्ता शिकवायला बोलवा आणि इतरांइतकेच मानधन द्या.

टप्पा ७ : कॉपी (बातमीचा लिहिलेला मजकूर) तपासणे

सर्वाधिक मुले इथे मनातून खचतात. लाल शाईने भरलेले पान परत मिळाले की 'हे आपले काम नव्हे' असे वाटते. त्यामुळे तपासणी तीन फेऱ्यांत करा, आणि एका दिवसात एकच फेरी.

नमुना घ्या. प्रशिक्षणार्थ्याने लिहिले :

*'आमच्या वाडीत पानी नाही. टाकी बांदून पडली आहे. अधिकारी लक्ष देत नाही. बाया लय लांबून पानी आनतात.'*

पहिली फेरी, माहितीची. शुद्धलेखनाला हात लावू नका. समासात प्रश्न लिहा : टाकी कधी बांधली? कोणत्या योजनेतून? कामाच्या फलकावर रक्कम किती? पंपाला वीजजोडणी आहे का? घरे किती? 'लय लांब' म्हणजे किती, फोनवर मोजून आण. ग्रामसेवक काय म्हणतात? ग्रामसभेचा ठराव झाला का? जल जीवन मिशनमधून टाकी झाली असेल तर माणशी रोज ५५ लिटरचा निकष आहे, प्रत्यक्षात किती मिळते?

दुसरी फेरी, मांडणीची. उत्तरे आल्यावर पहिले वाक्य त्याच्याकडूनच लिहून घ्या. समजा ते असे आले : 'टाकी उभी राहून दोन पावसाळे गेले, तरी वाडीतल्या ४३ घरांना अजून नळाचे पाणी नाही.' 'अधिकारी लक्ष देत नाही' हे वाक्य आता आपोआप गळते, कारण त्याच्या जागी ग्रामसेवकाचे म्हणणे आले आहे.

तिसरी फेरी, लेखनाची. 'पानी'चे 'पाणी', 'बांदून'चे 'बांधून' आता करा, पेन्सिलने. प्रत्येकाच्या वारंवार होणाऱ्या पाच चुकांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. एका वेळी पाचच.

बोलीचा प्रश्न वेगळा. 'लय' ही चूक नाही, तो शब्द अवतरणात ठेवा. पण एक नियम कडक पाळा : अवतरणात बाईचे बोलणे बोलीतल्या उच्चारांसह छापायचे आणि तहसीलदाराचे मात्र प्रमाण मराठीत सुधारून, असे करू नका. शब्द दोघांचेही जसेच्या तसे, अक्षरलेखन दोघांचेही प्रमाण. अहिराणी, वऱ्हाडी, झाडीबोली बोलणाऱ्यांना हा नियम पुरतो. गोंडी आणि कोरकू या मराठीच्या बोली नाहीत, स्वतंत्र भाषा आहेत. तिथल्या मुलाखतीचा अनुवाद होतो. मूळ ध्वनिमुद्रण जपा आणि अनुवाद करणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याला त्या कामाचे श्रेय द्या.

टप्पा ८ : बीट (वार्ताहराला नेमून दिलेले बातमीचे क्षेत्र) आणि सुरक्षितता

दलित मुलाला अत्याचाराच्या बातम्या, मुस्लिम मुलीला मदरसे, आदिवासी मुलाला कुपोषण, बाकी मुलींना आरोग्य व पाककृती, ही वाटणी सवयीने होते. ती मोडायची तर फिरता तक्ता लागतो : न्यायालय व पोलीस, जिल्हा परिषद, बाजार समिती, आरोग्य, शिक्षण, क्रीडा व संस्कृती. प्रत्येकाने प्रत्येक बीटवर दहा दिवस. आपल्या समाजाविषयी लिहायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. वर्गात 'तुमच्यात असे असते का?' असा प्रश्न कोणी विचारला तर शिक्षकाने तिथेच थांबवावे.

'मुलींना रात्री पाठवत नाही' म्हणून क्राइम बीट काढून घेऊ नका. जोडीने पाठवा, परतीच्या गाडीचे पैसे द्या, जबाबदार व्यक्तीचा फोन चालू ठेवा.

स्वतःच्या गावातल्या जातीय हिंसेची बातमी प्रशिक्षणार्थ्याने एकट्याने करू नये. बाहेरून आलेला वार्ताहर संध्याकाळी घरी परततो, पण इथे घरही त्याच गावात असते. सोबत ज्येष्ठ हवा. नाव छापायचे की नाही, हे प्रशिक्षणार्थी ठरवेल. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे. नाव टाळून गाव, वडिलांचा धंदा आणि शाळा छापली तरी ओळख उघड होतेच.

> तपासा : कार्यालयात दहा किंवा अधिक माणसे असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे, आणि प्रशिक्षणार्थी व इंटर्न यांनाही तो कायदा लागू आहे. समितीतल्या बाहेरच्या सदस्याचा फोन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर आहे का?

टप्पा ९ : इंटर्नशिप आणि पुढचे काम

बिनपगारी इंटर्नशिप ठेवली तर आधीच्या आठ टप्प्यांची मेहनत वाया जाते. ज्याच्या घरून पैसे येतात तो टिकतो, बाकीचे गावी परततात. माध्यमसंस्थेशी आधी लेखी पत्र करा. त्यात एवढे हवेच : मानधनाची रक्कम आणि तारीख, मार्गदर्शक पत्रकाराचे नाव, कामाचे तास, बातमीला नाव मिळेल का, आणि किमान दोन विभागांत काम.

पत्रात आणखी एक अट स्वतंत्र ओळीत लिहा : जाहिराती आणण्याचे काम दिले जाणार नाही. तालुका वार्ताहराकडून दिवाळी अंकासाठी, वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरातींची अपेक्षा धरणे सर्रास चालते. ज्याच्या नात्यात ना दुकानदार ना कंत्राटदार, तो कितीही चांगला लिहीत असला तरी तिथे मागे पडतो. शिवाय ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याच विरुद्ध बातमी लिहायची पाळी येते, ती वेगळीच.

एका कार्यालयात एकट्याला न पाठवता जोडीने पाठवा. पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात मार्गदर्शकाच्या गैरहजेरीत फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा : पैसे मिळाले का, बातम्या किती छापल्या, जेवायला कोणाबरोबर बसतोस किंवा बसतेस. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून जे कळते ते अहवालात कधीच येत नाही.

टप्पा १० : नोंदवही

अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी आणि दीड वर्षाने प्रत्येकाला फोन करा, मध्येच सोडून गेलेल्यांनाही. टप्पा १ मधले पाच आकडे त्याच फोडीने पुन्हा भरा. सोडण्याचे कारण 'वैयक्तिक अडचण' असे लिहू नका. 'मेसचे दोन महिने थकले', 'खोलीतल्यांनी ताट वेगळे ठेवले', 'आईला डायलिसिस लागले' असे त्यांच्याच शब्दांत लिहा. पुढच्या तुकडीचा खर्चाचा तक्ता मांडायला बसाल तेव्हा ही वही शेजारी उघडी ठेवा, आणि ज्या कारणाला तक्त्यात रकाना नाही त्यासाठी नवा रकाना आखा.